शिरोलीतील एका फाउंड्रीचे चौदा दिवस : रॅन्समवेअर हल्ल्याचा प्रकरण अभ्यास

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र कोजागरीची होती आणि मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहणही होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीने त्या दिवशी दुसऱ्या पाळीला दोन तास आधी सोडले. शेवटची हीट, म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या धातूचा एक घाणा, ओतून झाली, इंडक्शन भट्टी बंद झाली आणि रात्री दहानंतर गेटवरच्या वॉचमनशिवाय कारखान्यात कोणी राहिले नाही. रविवारी सकाळी सात वाजता पुण्याला जाणारी गाडी कास्टिंग भरून काट्यावर उभी होती. डिस्पॅचचा कारकून बिल काढायला बसला, तर सॉफ्टवेअर उघडेना. डेस्कटॉपवरच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे आकडे आणि अक्षरांची एक लांब मालिका, तिच्यापुढे एक ईमेल पत्ता आणि अगदी शेवटी 'फाउस्ट' हा शब्द चिकटलेला होता. पडद्याच्या मध्यभागी एक चौकट होती. तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास या पत्त्यावर लिहा आणि स्वतः काही करायला जाऊ नका, असा तिचा मथितार्थ होता. फाइलींना असे कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात.

कारखान्याचे नाव मी येथे देत नाही, कारण मालकांनी हा अनुभव लिहिण्यास संमती दिली ती त्याच अटीवर. कामगार नव्वदच्या आसपास आहेत, ट्रॅक्टर आणि पंपांसाठी ग्रे आयर्न व एस. जी. आयर्नची कास्टिंग तयार होतात, चौदा संगणक आणि एक सर्व्हर आहे, आणि दिवसाची विक्री साधारण आठ लाख रुपयांची आहे. वडिलांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या शेडमध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि आता मुलगा तो सांभाळतो. अशा कारखान्यांचे नेटवर्क आणि बॅकअप बघणे हे माझे काम आहे. या कारखान्याचे काम पूर्वी माझ्याकडे नव्हते. मला सोमवारी सकाळी बोलावले गेले.

तोपर्यंतच्या चोवीस तासांत तीन गोष्टी घडून गेल्या होत्या आणि पुढचे सगळे त्या तिन्हींवर अवलंबून राहिले. पहिली गोष्ट मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनने केली. संगणकातले त्याला फारसे कळत नव्हते, पण भट्टीच्या पॅनेलवर काही बिघडले की आधी पुरवठा तोडायचा ही त्याची सवय होती, म्हणून त्याने कोणाला न विचारता नेटवर्कच्या स्विचमधल्या सगळ्या वायरी ओढून काढल्या. त्या क्षणापर्यंत मशीन शॉपमधले दोन संगणक बंद होते, ते त्यामुळे वाचले. दुसरी गोष्ट कारकुनाने केली: घरून लॅपटॉप आणून त्याने सरकारी पोर्टलवरूनच ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल काढले आणि गाडी अकराच्या सुमारास बाहेर पडली. तिसरी गोष्ट चुकीची झाली. नेहमी दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने 'व्हायरस आलाय, फॉरमॅट मारला की जाईल' असे म्हणून मेथडिंग विभागातला, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवणाऱ्या विभागातला, एक संगणक फॉरमॅट केला. बाकीच्यांना हात लावण्याआधी त्याला थांबवण्यात आले, पण त्या एका संगणकाची किंमत किती होती हे कळायला जवळजवळ दोन वर्षे जावी लागली.

आत येण्याची वाट

शिरकाव शोधायला फार वेळ लागला नाही. कारखान्याचे उत्पादन आणि हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालत, ते पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला दर वेळी शिरोलीपर्यंत यायला नको म्हणून सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुरून इंटरनेटवरून तो चालवण्याची, सोय करून दिली होती. त्यासाठी राउटरमधून ३३८९ क्रमांकाचे दार जगासाठी कायमचे उघडे ठेवले होते. त्या दारावरच्या खात्याचे नाव 'सपोर्ट' होते, पासवर्ड कारखान्याचे नाव आणि त्यापुढे १२३ असा होता, आणि या खात्याला सर्व्हरवरचे सर्व अधिकार होते. ही व्यवस्था चार वर्षे तशीच चालू होती. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. त्यांना हे दार शिरोलीचे आहे की शांघायचे याच्याशी काही देणेघेणे नसते. दार लागले की ते सोपे पासवर्ड एकामागून एक लावून पाहतात.

आत आल्यावर त्या माणसाने काय केले, याचा माग त्याने बराचसा पुसला होता. सर्व्हरची सुरक्षा-नोंद साफ केलेली होती आणि ती साफ केल्याची एकच ओळ मागे राहिली होती. तरी फाइलींवरच्या वेळा बोलक्या होत्या. कुलूप लावण्याचे काम मध्यरात्रीनंतर एक चाळीसला सुरू झाले आणि तीन दहाला संपले. त्याआधी अँटिव्हायरस बंद करण्यात आला होता. विंडोज स्वतःहून ज्या जुन्या प्रती राखून ठेवते, त्याही उडवल्या होत्या. आणि सर्व्हरला रोज रात्री बॅकअप घेणारी जी यूएसबी डिस्क जोडलेली होती, तिच्यावरच्या प्रतींनाही तेच कुलूप लागले होते. बॅकअप आहे, रोज होतो, एकही दिवस चुकत नाही, असे मालक सर्वांना सांगत असत आणि ते खरेही होते. पण जी प्रत सर्व्हरला कायम जोडलेली असते, ती सर्व्हरच्या हाताची असते आणि सर्व्हर ज्याच्या ताब्यात जातो, त्याच्या ताब्यात तीही जाते.

दोष सगळा त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसावर टाकणे सोपे होते आणि पहिल्या दिवशी तसे झालेही. पण हे दार कारखान्याच्या भिंतीत होते, ते उघडे आहे हे कारखान्यात सर्वांना माहीत होते आणि ते बंद करण्याचे काम कोणाचेच नव्हते. पुरवठादाराच्या वाटेने येणारा धोका फक्त छोट्यांपुरता नाही. ३१ जुलै २०२४ च्या सुमारास सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा परिणाम झाला, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेने तिला तात्पुरते वेगळे केले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व इतर व्यवहार अडले. त्यातल्या कोणत्याही बँकेच्या स्वतःच्या संगणकात चोर शिरला नव्हता.

बारा लाखांचा हिशेब

सोमवारी दुपारी त्या ईमेल पत्त्यावर एक कोरडे पत्र पाठवले. उत्तर चार तासांत आले: पंधरा हजार डॉलर, बिटकॉइनमध्ये, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेबारा लाखांच्या आसपास. सोबत, दोन छोट्या फाइली पाठवा, त्या फुकट उघडून दाखवतो, असा प्रस्ताव होता. दुकानदार मालाचा नमुना दाखवतो तसे हे होते.

मालकांचा पहिला प्रश्न असा होता, की आमच्या फाइलींचे त्याला काय मोल? जुनी बिले, हजेरीपट, पॅटर्नची ड्रॉइंगे. बाहेर विकायला गेले तर कोण घेणार? या प्रश्नातच या गुन्ह्याचे सगळे अर्थकारण दडलेले आहे. खंडणीचा आकडा फाइलींच्या किमतीवरून ठरत नाही, तो आपल्या थांबण्याच्या किमतीवरून ठरतो. साडेबारा लाख म्हणजे या कारखान्याची दीड दिवसाची विक्री. आकडा असा असतो की मालकाला वाटावे, दोन दिवस बंद राहण्यापेक्षा देऊन मोकळे व्हावे. जो कारखाना दोन दिवसांत गुदमरतो त्याच्याकडून हा आकडा मिळतो. जो पंधरा दिवस तग धरू शकतो, त्याच्यापुढे तोच आकडा हास्यास्पद ठरतो. पुढे जे काही लिहिले आहे, ते एवढ्या एका गोष्टीच्या आधाराने वाचावे.

दुसऱ्या बाजूचा खर्च पाहिला की हा धंदा का फोफावतो ते कळते. उघड्या रिमोट डेस्कटॉपचे पत्ते आणि पासवर्ड विकणारे बाजार आहेत. त्यातला एक्सडेडिक हा बाजार २०१६ मध्ये कॅस्परस्की कंपनीने उघडकीस आणला, तेव्हा त्यावर सत्तर हजारांहून अधिक सर्व्हर विक्रीला होते आणि भाव सहा डॉलरपासून सुरू होत होता. तो बाजार जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी बंद केला, पण तशी इतर दुकाने चालू राहिली. कुलूप लावणारा प्रोग्रामही स्वतः लिहावा लागत नाही, तो भागीदारीवर मिळतो. लॉकबिट या टोळीचा नियम असा होता की हल्ला करणाऱ्याने ८० टक्के ठेवायचे आणि २० टक्के टोळीला द्यायचे. कॉन्टी या दुसऱ्या टोळीचे आपसांतले संदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये फुटले. त्यांत पगार, भरती, रजा आणि कामचुकार माणसांविषयीच्या तक्रारी होत्या. एखाद्या कार्यालयात जशी कामांची वाटणी असते, तशीच तिथे होती.

एक अडचण मात्र या गुन्ह्याला सुरुवातीपासून होती, ती पैसे हातात कसे पडायचे ही. १९८९ मध्ये एड्सवरील माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. त्यातला प्रोग्राम संगणक अडवत असे आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपाल पेटीवर पाठवायला सांगत असे. टपाल पेटीपाशी माणूस सापडू शकतो. २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर आला, त्याने बिटकॉइनमध्येही पैसे घ्यायला सुरुवात केली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत उलाढाल कुठवर गेली? चेनॅलिसिस या कंपनीच्या मोजणीत २०२३ साली जगभरात दिलेली खंडणी एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती.

आमच्या कारखान्यावर चालवलेला प्रोग्राम फोबोस या घराण्यातला होता. 'फाउस्ट' ही त्याचीच एक शाखा. वर्तमानपत्रात येतात ते मोठे हल्ले यातले नव्हेत. फोबोसवाले छोट्या-मध्यम व्यवसायांवर जगत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचा सूत्रधार असल्याच्या आरोपावरून एका रशियन नागरिकाला दक्षिण कोरियातून अमेरिकेत आणण्यात आले, तेव्हा अमेरिकी न्याय विभागाने सांगितलेला हिशेब असा होता: एक हजाराहून अधिक बळी, एक कोटी साठ लाख डॉलरहून अधिक खंडणी. ढोबळ भागाकार केला तर बळीमागे सोळा हजार डॉलर येतात. प्रत्येकाने दिले असेल असे नाही, तरीही हा भागाकार पाहून मला शिरोलीतल्या त्या पंधरा हजारांची आठवण झाली. 'आपण एवढेसे, आपल्याकडे कोण बघणार' हे वाक्य मी उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत शेकडो वेळा ऐकले आहे. या धंद्यातल्या एका अख्ख्या शाखेचा चरितार्थ 'एवढेसे' असणाऱ्यांवरच चालतो.

द्यायचे की नाही

सोमवारी संध्याकाळी ऑफिसमध्ये बैठक झाली. अण्णांच्या मुलाचे मत खंडणी देण्याच्या बाजूने होते आणि त्याची कारणे पोकळ नव्हती. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते, त्याआधी नव्वद माणसांचा बोनस काढायचा होता आणि हजेरीपट तर कुलपात. ११ तारखेपर्यंत ऑक्टोबरचे जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र, भरायचे होते. पुण्याच्या ग्राहकाकडे लाइन थांबली तर दंड लागणार होता. 'अण्णा, साडेबारा लाख गेले तर जाऊ देत. नाव गेलं तर परत मिळायचं नाही,' असे तो म्हणाला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, 'पैसे दिल्यावर किल्ली देतोय ह्याची हमी कोण घेणार?'

मी जे माहीत होते ते सांगितले. किल्ली बहुतेक वेळा मिळते, कारण ती मिळत नाही असे पसरले तर त्यांचाच धंदा बसेल. पण मिळालेल्या किल्लीने सगळे उघडतेच असे नाही, मोठ्या फाइली बिघडून निघतात, आणि उघडण्याचे कामही काही दिवस चालते. म्हणजे पैसे देऊनही मंगळवारी सकाळी बिल निघणार नाही. माहिती चोरली असेल, तर ती पुसून टाकल्याच्या शब्दाला काही अर्थ नसतो. हे त्या दिवशी मी अंदाजाने बोललो होतो, पुढे त्याला पुरावा मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून लॉकबिटचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा खंडणी दिलेल्यांचीही माहिती त्यांवर जशीच्या तशी सापडली. त्याच सुमारास अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले आणि तरी दुसऱ्या टोळीने त्याच माहितीवरून तिला पुन्हा धमकावले.

कारखान्याच्या सीए साहेबांनी फोनवरून एकच प्रश्न टाकला: ही रक्कम वह्यांत कोणत्या खात्यावर दाखवायची आणि बिटकॉइन कोणाच्या नावाने घ्यायचे? त्या प्रश्नाने मुलगाही थबकला.

पण बैठकीचा निकाल यांतल्या कशानेच लागला नाही. हिशेब सांभाळणाऱ्या ताई इतका वेळ दारापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'वरच्या कपाटात सप्टेंबरअखेरची डिस्क आहे. मी ती कधी मशिनला लावून ठेवत नाही.'

ताईंचे घर शाहूपुरीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरले आणि घराची कागदपत्रे, मुलांचे दाखले, सगळे चिखलात गेले. कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ फूट आणि ४३ फूट हे दोन आकडे पाठ असतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. पाणी ३९ वर आले की सामान माळ्यावर चढते. ताईंनी त्या पुरानंतर कारखान्यातही तेच केले. दर तिमाहीच्या अखेरीला त्या सगळ्या हिशेबाची एक प्रत डिस्कवर घेत आणि डिस्क काढून पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवत. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते आणि कारखान्याच्या कोणत्याही कागदावर ही पद्धत लिहिलेली नव्हती. रॅन्समवेअरचा विचारही त्यांच्या मनात नव्हता, त्यांना भीती पाण्याची होती. पण दोन्ही संकटांवरचा उपाय एकच निघाला: एक प्रत अशा जागी हवी, जिथे संकट पोचतच नाही.

डिस्क आणली, सर्व्हरला न लावता एका कोऱ्या संगणकावर तपासली. ३० सप्टेंबरपर्यंतचा हिशेब सुरक्षित होता. अण्णांनी तिथेच सांगितले, द्यायचे नाहीत. हातात सप्टेंबरपर्यंतचे सगळे होते, गेला होता तो ऑक्टोबर, आणि ऑक्टोबर पुन्हा लिहिता येण्यासारखा होता.

ऑक्टोबर पुन्हा लिहिणे

या चौदा दिवसांविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण व्यवसाय वाचतो तो येथे, आणि माहितीपत्रकांत याविषयी क्वचितच काही असते.

एका महिन्याचा हिशेब नव्याने उभा करायचा म्हणजे तो कुठे कुठे सांडून ठेवला आहे ते गोळा करायचे. या कारखान्यात पहिला आधार सापडला गेटवर. वॉचमनचे आवक-जावक रजिस्टर हाताने लिहिले जात होते: गाडीचा नंबर, वेळ, चलनाचा नंबर, नगांची संख्या. ते रजिस्टर बंद करावे अशी सूचना दोन वर्षांपूर्वी झाली होती आणि ती कोणीतरी विसरले होते. दुसरा आधार भट्टीजवळचे हीट रजिस्टर. प्रत्येक हीटचा नंबर, भरलेले पिग आयर्न, स्क्रॅप आणि फेरो सिलिकॉन किती, ओतण्याचे तापमान किती, कोणत्या पॅटर्नचे किती मोल्ड भरले, हे मेल्टिंगचा सुपरवायझर बॉलपेनने लिहीत असे. पानांच्या कडांना काजळीच्या बोटांचे ठसे होते. तिसरा आधार स्पेक्ट्रोमीटरचा संगणक. त्याचे नेटवर्क कार्ड पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने जळाले होते आणि ते बदलायचे राहून गेले होते, म्हणून चोर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यावर ऑक्टोबरच्या प्रत्येक हीटचे रासायनिक पृथक्करण होते, त्यामुळे ग्राहकाला टेस्ट सर्टिफिकेट देणे शक्य झाले.

विक्रीची बिले तर सरकारकडेच होती. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले होते, तेव्हा ऑक्टोबरचे प्रत्येक बिल पोर्टलवर नोंदलेले सापडले. खरेदीची बिले पुरवठादारांकडून मागवली. वाळूवाल्यापासून कोळसापूड देणाऱ्यापर्यंत सर्वांनी दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, आणि काहींनी स्वतःचे खातेउतारेही दिले. हजेरीसाठी मुकादमांच्या वह्या होत्या. बँकेचा उतारा बँकेतून आला.

दोन टेबले जोडून चार माणसे दोन पाळ्यांत नोंदी करत बसली. एक जण गेटचे रजिस्टर वाचे, दुसरा बिलाशी ताडून पाही, तिसरा हीट नंबर मिळवी. जिथे तिघांचे जुळत नसे तिथे लाल पेन्सिलीची खूण होई आणि रात्री मालक स्वतः त्या खुणा सोडवत बसत. या सगळ्या काळात भट्टी एक दिवसही बंद राहिली नाही. पहिले चार दिवस उत्पादन निम्म्यावर आले, कारण कोणत्या ऑर्डरचे किती राहिले ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. नंतर फळ्यावर खडूने ऑर्डरी लिहिल्या आणि गाडी रुळावर आली. बोनस १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, रोखीने वाटला. ११ तारखेला संध्याकाळी जीएसटीआर-१ भरले गेले.

ग्राहकांना सांगायचे की लपवायचे, यावर थोडा वाद झाला होता. ड्रॉइंगे त्यांची होती, गुप्ततेचा करार होता, आणि चोराने ती नेली की नाही हे सिद्ध करण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. मालकांनी मंगळवारीच पुण्याला फोन करून जसे होते तसे सांगितले. समोरून आधी शांतता, मग प्रश्नांची सरबत्ती, आणि शेवटी दहा दिवसांची मुदतवाढ मिळाली. एका ग्राहकाने मात्र एका पार्टची ऑर्डर दोन महिन्यांसाठी दुसरीकडे वळवली. मला वाटते, लपवले असते आणि नंतर कळले असते तर ती ऑर्डर कायमची गेली असती.

सायबर पोलीस ठाण्यातली तक्रार आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे ही कामे सोमवारी झाली. नियम कडक आहे: सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आम्ही तीस तासांनी कळवले. कोणालाच हा नियम माहीत नव्हता, हे कारण होते, सबब नव्हे.

न देणे फुकट पडले नाही, हेही लिहिले पाहिजे. नवा सर्व्हर, डिस्का, जादा कामाचे तास, उशिराचे दंड मिळून मालकांच्या वहीत नऊ लाखांच्या पुढे आकडा गेला. मागितलेल्या रकमेपेक्षा तो तीन-साडेतीन लाखांनीच कमी होता. पण सर्व्हर, दार बंद करणे आणि नोंदी तपासणे हा खर्च किल्ली विकत घेऊनही करावाच लागला असता; ज्या घरात चोर एकदा शिरला, ते कुलूप तसेच ठेवून कोणी राहत नाही. शिवाय देणाऱ्याचे नाव या बाजारात लक्षात राहते. खंडणीच्या वाटाघाटी सांभाळणाऱ्या कोव्हवेअर या कंपनीकडे २०१९ च्या सुरुवातीला आलेल्यांपैकी ८५ टक्के पैसे देत होते. २०२४ च्या अखेरीस ते प्रमाण २५ टक्क्यांवर आले होते. चेनॅलिसिसच्या मोजणीतही २०२४ ची एकूण खंडणी आदल्या वर्षापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने घसरली. पोलिसांच्या कारवायांचा त्यात वाटा आहेच, पण ज्यांच्या कपाटात डिस्क होती अशा कितीतरी अनामिक माणसांचाही आहे, असे मी मानतो.

बदललेल्या गोष्टी

राउटरमधले ते दार त्याच सोमवारी बंद केले. आता सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला आत यायचे असेल तर तो आधी फोन करतो, त्याच्यासाठी व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या सुरक्षित खासगी वाटेचे, खाते दोन तासांपुरते चालू होते, आणि पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोडही लागतो. रोजच्या कामाच्या कोणत्याही खात्याला सर्व्हरचे सर्व अधिकार नाहीत, मालकांच्या खात्यालाही नाहीत. ड्रॉइंगच्या दोन संगणकांवर चोरून बसवलेले सॉफ्टवेअर होते, ते काढून एक परवाना विकत घेतला. कारण फुकटच्या 'क्रॅक'मधून येणारे स्टॉप नावाचे एक वेगळे घराणेच आहे आणि ते घरगुती व छोट्या कार्यालयांतल्या संगणकांना वर्षानुवर्षे लुबाडत आले आहे.

बॅकअपच्या आता तीन प्रती असतात. एक सर्व्हरजवळ, रोजची. दुसरी क्लाउडवर, जिच्यातल्या जुन्या प्रती तीस दिवस सर्व्हरवरून कोणालाही पुसता येत नाहीत. आणि तिसरी ताईंची, आता तिमाहीऐवजी दर आठवड्याची: दोन डिस्का आलटून पालटून, एक कपाटात आणि एक कारखान्याबाहेर. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बदल वेगळाच आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताई एक रिकामा संगणक घेतात, डिस्कवरून सगळा हिशेब त्यावर उतरवतात आणि एक बिल काढून दाखवतात. पहिल्या खेपेला याला सात तास लागले आणि मध्येच कळले की एका फोल्डरची प्रत कधी घेतलीच जात नव्हती. तिसऱ्या महिन्यात वेळ अडीच तासांवर आली. तो वेळ घड्याळ लावून भिंतीवरच्या तक्त्यात लिहिला जातो, भट्टीच्या युनिट वापराच्या तक्त्याशेजारी. आपण किती तासांत पुन्हा उभे राहतो, हा आकडा ज्याच्याकडे आहे, त्याला खंडणीच्या पत्रातल्या आकड्याचे काय करायचे ते लगेच कळते. हीट रजिस्टर आणि गेटचे रजिस्टर अजूनही हातानेच लिहिले जाते.

कुलूपबंद झालेल्या डिस्का टाकून न देता, त्यांवर तारीख घालून कपाटात ठेवा, असे मी त्या वेळी सुचवले होते. अशी कुलपे पुढेमागे उघडतात. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमातून अनेक घराण्यांच्या किल्ल्या फुकट मिळतात. जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस घराण्याची किल्ली तयार करून सर्वांसाठी खुली केली आणि 'फाउस्ट'ही तिच्यात होते. आम्ही डिस्का बाहेर काढल्या, त्यांच्या प्रती घेतल्या आणि त्या प्रतींवर प्रोग्राम चालवला. ऑक्टोबर २०२३ चा सगळा हिशेब उघडला. नव्याने लिहिलेल्या ऑक्टोबरशी तो ताडून पाहिला, तेव्हा फरक दोन चलनांचा निघाला. ग्राहकांची ड्रॉइंगे उघडली, जुने हजेरीपट उघडले.

ज्या संगणकाचे त्या रविवारी सकाळी फॉरमॅटिंग झाले होते, त्यावरचे मात्र काहीच परत आले नाही. मेथडिंगची ड्रॉइंगे त्यावर होती: कोणत्या कास्टिंगला रनर कुठून द्यायचा, रायझर किती उंचीचा ठेवायचा, जुन्या पंपांच्या पॅटर्नना आकुंचनाची सूट किती धरायची. त्यातली काही अण्णांनी उद्यमनगरात असताना कागदावर काढली होती आणि मुलाने नंतर संगणकावर घेतली होती. मूळ कागद तेव्हाच टाकून दिले गेले. पॅटर्न शॉपमध्ये एक माणूस आता व्हर्निअर घेऊन जुने लाकडी पॅटर्न एकेक करून मोजतो आणि शेजारच्या खुर्चीवर बसून अण्णा त्याला आठवेल तसे सांगतात. आतापर्यंत एकेचाळीस ड्रॉइंगे पुन्हा तयार झाली आहेत.